धडधड, पट्टी आणि एस्टिमेट : द्रोणागिरीतून अब्लेशनचा निर्णय घेताना

छातीत अचानक धडधड सुरू होते. वीस मिनिटं, कधी तासभर चालते आणि रिक्षा उरणच्या दवाखान्यापर्यंत पोचते तोवर थांबलेली असते. ईसीजीची पट्टी नॉर्मल येते, ‘टेन्शन कमी करा’ असा सल्ला मिळतो, माणूस घरी परततो. असं वर्ष-दोन वर्षं चालतं. मग एखाद्या रात्री ती धडधड पट्टीवर सापडते, बेलापूरला किंवा वाशीला तपासण्या होतात आणि घरच्यांच्या हातात कागद येतो : अब्लेशन, साडेतीन लाख, पुढच्या आठवड्यात दाखल व्हा. त्या संध्याकाळी घरात जी बोलणी होतात ती सगळी पैशांची. सोनं ठेवायचं का, पतपेढीचं कर्ज मिळेल का, जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांतल्या भूखंडाचं काही करता येईल का.

ही बोलणी थोडी थांबवा. आधी एवढं विचारा की या साडेतीन लाखांत नेमकं काय मिळणार आहे. हृदयाच्या लयीच्या आजारात त्याचं उत्तर आजाराच्या नावावर ठरतं. एकाला याच प्रक्रियेने जन्माची सुटका मिळते. दुसऱ्याला आराम मिळतो, पण मुख्य गोळी सुटत नाही. तिसऱ्याचा आजार मुळात वेगळ्या ऑपरेशनचा असतो. कागदावरचा शब्द मात्र तिघांच्याही एकच, अब्लेशन. म्हणून खर्चाच्या आकड्याआधी लयीचं नाव हातात हवं, तेही डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं.

नाव कसं मिळवायचं

सगळ्यात मोलाची तपासणी सगळ्यात स्वस्त असते. धडधड चालू असताना काढलेली बारा लीडची ईसीजी खासगी दवाखान्यात साधारण १५० ते ४०० रुपयांत निघते. उरणच्या ग्रामीण रुग्णालयात आणि पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात तर मोफत. धडधड सुरू झाली की घरी पडून ‘जाईल थोड्या वेळात’ असं म्हणू नका. ईसीजीचं मशीन असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, तो रात्री उघडा असतो का, हे आजच बघून ठेवा आणि झटका आला की थेट तिथे जा. मोठ्या रुग्णालयाच्या नादात बेलापूर गाठेपर्यंत पुरावा निघून जातो. मिळालेल्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढा, कारण ईसीजीच्या कागदावरची छपाई काही काळाने पुसट होते.

झटके रोजचे असतील तर चोवीस तासांचा होल्टर लावतात, खर्च साधारण दीड ते चार हजार. महिन्यातून एकदा येणाऱ्या झटक्याला तो कामाचा नाही. मशीन परत दिलं की दुसऱ्या दिवशी धडधड येते, हा अनेकांचा अनुभव. अशा वेळी जास्त दिवस चिकटवून ठेवायचा पॅच किंवा बोट ठेवून एका लीडची ईसीजी काढणारं छोटं यंत्र बरं. मनगटावरच्या घड्याळांपैकी काहींत ही सोय असते. नुसती नाडी मोजणाऱ्या घड्याळाने ‘अनियमित’ म्हटलं म्हणून गोळ्या सुरू होत नाहीत. त्यावरून पट्टी काढायला जायचं, इतकंच.

याबरोबर एक इको (दीड ते तीन हजार), थायरॉइडची रक्ततपासणी, साखर, किडनीची तपासणी आणि हिमोग्लोबिन. थायरॉइड वाढलेला असला तर नुसत्या त्याच्या औषधाने लय ताळ्यावर आल्याची उदाहरणं डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातली. पाच-सहा हजारांत हे सगळं होतं. अब्लेशनच्या एस्टिमेटवर सही करण्याआधी हे कागद फाईलमध्ये नसतील तर ते एस्टिमेट घाईचं आहे.

पहिला माणूस : एसव्हीटी

समजा, कंटेनर यार्डात पाळीवर काम करणारा चौतिशीतला तरुण. धडधड बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच एकदम थांबते. नाडी १८०, २००. पट्टीवर नाव निघतं एसव्हीटी, किंवा वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट. हृदयातल्या विजेच्या मार्गात जन्मतःच एक जादा वायर आहे आणि करंट तिच्यातून गोल फिरतो. मांडीच्या शिरेतून बारीक कॅथेटर नेऊन आधी ती वायर शोधतात, या शोधाला ईपी स्टडी म्हणतात. मग उष्णता देऊन ती जाळतात. छाती उघडत नाहीत. बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात.

इथे यशाचं प्रमाण शंभरात ९५च्या वर आहे आणि त्यानंतर बहुतेकांच्या गोळ्या पूर्ण बंद होतात. मुंबई-नवी मुंबईच्या खासगी रुग्णालयांत या साध्या अब्लेशनचा खर्च साधारण एक ते अडीच लाखांच्या दरम्यान ऐकू येतो. वर्षाला तीन-चार वेळा कॅज्युअल्टी, प्रत्येक वेळी बुडालेली पाळी, यंत्रावर किंवा गाडीवर असताना झटका येण्याची भीती, हे सगळं मांडलं तर या माणसाने खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एक धोका त्याला आधी नीट समजावून द्यायला सांगा. जादा वायर मुख्य तारेला अगदी लागून असेल तर ती जाळताना मुख्य तारेलाही इजा होऊ शकते आणि मग पेसमेकर बसवावा लागतो. शंभरात एकाच्या आसपास हे घडतं. वायर कुठे आहे ते ईपी स्टडीत कळतं. ती मुख्य तारेच्या फार जवळ निघाली तर तिथेच थांबायचं की पुढे जायचं, हे डॉक्टरांशी आधी बोलून ठेवावं.

वर्षाकाठी एखादाच झटका येत असेल आणि चक्कर नसेल, तर घाई नाही. एक जवळजवळ फुकटचा उपाय आहे, आणि तो कॅज्युअल्टीतही पुरेसा वापरला जात नाही. दहा मिलीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंकायचं, लगेच आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने दोन्ही पाय वर उचलून धरायचे. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत याची रीतसर चाचणी झाली, २०१५मध्ये निकाल आला : जुन्या पद्धतीने १७ टक्के रुग्णांची लय मिनिटभरात जागेवर आली, या पद्धतीने ४३ टक्के. एकदा डॉक्टरांसमोर शिकून घ्या, मग घरच्यांना शिकवा. वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट असलेल्याने मात्र ‘झटके कमी आहेत’ म्हणून स्वस्थ बसू नये. त्या प्रकारात क्वचित जीवावर बेतणारी लय सुरू होते, म्हणून ईपी तज्ज्ञाचा सल्ला एकदा घ्यायलाच हवा.

दुसरा माणूस : एट्रिअल फिब्रिलेशन

सगळा गोंधळ आहे तो इथे. समजा, अडुसष्ट वर्षांचे निवृत्त गृहस्थ, मधुमेह आणि रक्तदाब जुना. वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात, नाडी कधी भरभर, कधी रेंगाळत, कसलाच ताल नाही. या आजारात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि रुग्णालयातल्या दहा मिनिटांच्या बोलण्यात ते एकात एक मिसळून जातात.

पहिला प्रश्न अर्धांगवायूचा. थरथरणाऱ्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाते. या लयीत पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असल्याचं अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासात दिसलं. त्यावर उपाय रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा. ती कोणाला द्यायची ते गुण मोजून ठरतं : हृदय अशक्त असेल तर एक, रक्तदाब एक, मधुमेह एक, रक्तवाहिन्यांचा आजार एक, वय ६५ ते ७४ असेल तर एक, ७५ आणि पुढे दोन, पूर्वी पक्षाघात झाला असेल तर दोन. दोन किंवा जास्त गुण झाले की गोळी घ्यायचीच. जुन्या पद्धतीत बाई असण्याचाही एक गुण होता आणि बायकांसाठी मर्यादा तीनची होती; युरोपच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी तो गुण काढून टाकला. आपल्या गृहस्थांचे गुण झाले तीन.

दुसरा प्रश्न त्रासाचा : धाप, थकवा, जिना चढताना दम, धडधडीने उडणारी झोप. अब्लेशन या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. १९९८मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हाइसागेर यांच्या गटाने दाखवलं की ही थरथर सुरू करणारे ठोके बहुतेक वेळा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगम पावतात. तेव्हापासून त्या शिरांच्या तोंडाभोवती रिंगण आखून विजेचा मार्ग तोडतात.

आता पैशांचा मुद्दा. अब्लेशन यशस्वी झालं, पट्टी सरळ आली, तरी ज्यांचे गुण दोन किंवा जास्त आहेत त्यांची रक्त पातळ करणारी गोळी सहसा सुरूच ठेवतात. ती गुणांवर ठरते, लयीवर नाही. ‘एकदा साडेतीन लाख भरले की जन्माच्या गोळ्या सुटतील’ हा हिशेब मांडून कोणी कर्ज काढत असेल तर त्याला थांबवा. सुटली तर लय सांभाळणारी गोळी सुटेल, आणि ती महिन्याला काहीशे रुपयांची असते.

यशाचे आकडेही एसव्हीटीसारखे नाहीत. थरथर मधूनमधून येऊन आपोआप जाणारी असेल तर पहिल्या अब्लेशननंतर वर्षभरात दहापैकी साधारण सात जण तिच्यापासून मोकळे राहतात. ती कायम मुक्कामाला आलेली असेल तर पाच-सहा. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. म्हणून बजेट करताना एकाच प्रक्रियेचं करू नये. डॉक्टरांना विचारा, पुन्हा करावं लागलं तर किती, आणि त्या वेळी विम्याची रक्कम शिल्लक असेल का.

मग अब्लेशन करावं कोणी? ‘कॅबाना’ या २,२०४ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०१९मध्ये आला. अब्लेशनने मृत्यू, पक्षाघात वगैरे मोठे धोके औषधांपेक्षा ठळकपणे कमी झाले नाहीत, रोजचं जगणं मात्र सुधारलं. आराम मनाचा की खरा, ही शंकाही तपासली गेली आहे. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत अर्ध्या रुग्णांवर खोटी प्रक्रिया केली होती, आणि खऱ्या अब्लेशनवाल्यांचा त्रास स्पष्टपणे कमी निघाला. ज्यांचं हृदयच अशक्त झालं आहे, इकोवर इजेक्शन फ्रॅक्शन ३५च्या खाली आहे, त्यांच्या बाबतीत चित्र बदलतं. २०१८च्या ‘कॅसल-एएफ’ चाचणीत अशा रुग्णांमध्ये अब्लेशनने मृत्यू आणि रुग्णालयात दाखल होणं कमी केलं. आजार नवा असताना लय जागेवर आणण्याचा प्रयत्न लवकर करावा, हे २०२०च्या युरोपीय ‘ईस्ट’ चाचणीने सांगितलं. मात्र तिथे बहुतेकांवर सुरुवात गोळ्यांनीच झाली होती.

याचा अर्थ माझ्या समजुतीने असा. त्रास खूप आहे आणि एक-दोन गोळ्या करून पाहिल्या, किंवा हृदय अशक्त होत चाललंय, तर अब्लेशनवर पैसा घाला, आणि तो दोन-तीन वर्षं लांबवूही नका, कारण थरथर जितकी मुरते तितकं यश कमी होतं. त्रास जवळजवळ नाही, वय ऐंशीच्या घरात, नाडी गोळीने ८०-९०वर राहते, तर घरच्यांनी केवळ काळजीपोटी म्हाताऱ्या माणसाला टेबलावर नेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी न चुकवणं हाच त्यांचा मुख्य इलाज. ही प्रक्रिया सहसा तातडीची नसते. ‘उद्याच करा’ असं कोणी म्हणत असेल तर कारण विचारा आणि दुसऱ्या ईपी तज्ज्ञाचं मत घ्या. हजार ते अडीच हजार रुपयांची ती फी या सगळ्या खर्चातली सर्वांत सत्कारणी लागणारी.

एस्टिमेटमध्ये काय वाचायचं

नवी मुंबईच्या आणि मुंबईच्या खासगी रुग्णालयांत फिब्रिलेशनच्या अब्लेशनचा आकडा साधारण तीन ते सहा लाखांत फिरतो. फरक पडतो तो तंत्राने. रेडिओफ्रिक्वेन्सीमध्ये थ्री-डी मॅपिंगचं यंत्र आणि त्याचे एकदाच वापरायचे पॅच यांचा खर्च वेगळा. क्रायो म्हणजे थंडीने गोठवणाऱ्या फुग्याचा दर वेगळा. ‘पल्स्ड फील्ड’ हे नवं तंत्र अमेरिकेत डिसेंबर २०२३मध्ये मान्य झालं आणि भारतातही आलं आहे. त्यात अन्ननलिकेला इजा होण्याची भीती कमी, वेळ कमी, पण आकडा आणखी वर. जुन्या तंत्राच्या तुलनेत ते लय टिकवण्यात फार पुढे असल्याचं अजून दिसलेलं नाही. पैशांची ओढाताण असेल तर नव्या यंत्रापेक्षा अनुभवी हात निवडा.

अनुभव विचारायला संकोचू नका. ‘डॉक्टर, तुम्ही स्वतः वर्षाला अशी किती करता, आणि गेल्या वर्षी किती जणांना पाणी किंवा रक्त साचून नळी टाकावी लागली?’ चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. हृदयाभोवती रक्त साचणं साधारण शंभरात एकाला होतं. मांडीच्या शिरेतून रक्तस्राव त्याहून जास्त, पण तो बहुधा आटोक्यात येतो. पक्षाघात दोनशेत एकाहून कमी. असं काही झालं तर अतिदक्षता विभागाचे दिवस एस्टिमेटमध्ये धरलेले नसतात. तेवढी रक्कम हाताशी असावी.

कॅथेटरबद्दलही विचारा. महाग ईपी कॅथेटर निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याची पद्धत आपल्या देशात बरीच रूढ आहे आणि त्यामुळे अनेक गरिबांना ही प्रक्रिया परवडली आहे. पण नव्याचे पैसे लावले असतील तर नवा मिळायला हवा. बिलावर त्याचा स्टिकर आणि क्रमांक मागून घ्या. ट्रान्सइसोफेजिअल इको, सीटी स्कॅन, भूल आणि बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाची फी पॅकेजमध्ये आहे की वर, हेही लिहून मागा. बेलापूरचं अपोलो, वाशीचं फोर्टिस हिरानंदानी, कोपरखैरण्याचं रिलायन्स, नेरुळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम अशी मोठी रुग्णालयं आपल्या बाजूला आहेत, तरी अँजिओप्लास्टीचा तज्ज्ञ आणि विजेचा म्हणजे ईपीचा तज्ज्ञ यांत फरक असतो. अनेक ठिकाणी ईपी तज्ज्ञ ठरावीक वारीच येतो. रात्री त्याची गरज लागली तर कोण बघणार, हे आधी विचारलेलं बरं.

विमा असेल तर रूमचं भाडं बघा. पॉलिसीत दिवसाला ५,००० रुपयांची मर्यादा असताना ८,०००ची खोली घेतली, तर फरक नुसत्या ३,००० रुपयांचा राहत नाही. डॉक्टरांची फी, थिएटर असे खोलीच्या दर्जाप्रमाणे वाढणारे खर्चही कंपनी त्याच प्रमाणात कापू शकते. औषधं, कॅथेटर, तपासण्या यांना मात्र ही कपात लावता येत नाही, हे विमा नियामकाने स्पष्ट केलेलं आहे; कोणी लावली तर भांडा. जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत एप्रिल २०२४पासून जास्तीत जास्त तीन वर्षं झाली आहे. धडधडीची जुनी पट्टी फाईलमध्ये असताना ती लपवून नवी पॉलिसी घेऊ नका. पूर्वनियोजित प्रक्रिया असल्याने कॅशलेसची मंजुरी दाखल होण्याआधीच, लेखी मागा.

ज्यांच्याकडे विमा नाही

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. २०१२मध्ये ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. म्हणजे आपल्याकडे ती जुनी आहे. १ जुलै २०२४पासून तिचं कवच राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. ‘आमचं कार्ड पांढरं, आम्हाला काही मिळत नाही’ हे वाक्य अजून ऐकू येतं. ते जुनं झालं. घरात सत्तरीपुढचं कोणी असेल तर २९ ऑक्टोबर २०२४पासून उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. फिब्रिलेशन हा बहुतांशी म्हातारपणाचा आजार, त्यामुळे हे कार्ड आजच काढून ठेवा.

योजनेत हृदयाचे अनेक उपचार बसतात, पण सगळीच रुग्णालयं सगळे उपचार योजनेत करत नाहीत. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला ‘हृदयाचं ऑपरेशन बसतं का?’ असं मोघम विचारू नका. पट्टीवरचं नाव आणि सुचवलेली प्रक्रिया दाखवा, आणि थ्री-डी मॅपिंग व कॅथेटर पॅकेजमध्ये धरले आहेत की वरून पैसे लागतील ते विचारा. फोनवर चौकशी १५५३८८ किंवा १४५५५ या क्रमांकांवर होते.

परळचं केईएम हा दुसरा मार्ग. तिथे हृदयविभागात ईपीचं काम होतं, खाटेचे पैसे नाममात्र. खर्च येतो तो साहित्याचा, आणि थांबावं लागतं. साहित्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा, तिथून ट्रस्टांची पत्रं मिळतात. मुख्यमंत्री सहायता निधीसाठीही रुग्णालयाचं एस्टिमेटच लागतं. मुंबईतल्या जसलोक, लीलावती, हिंदुजा, बॉम्बे हॉस्पिटल यांसारख्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला उरणहून आधीच काढून ठेवला तर दाखल करतानाची धावपळ वाचते. बंदराच्या आणि गोदामांच्या कंत्राटी कामगारांनी पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात आहे का बघावं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना तो हक्क आहे आणि अनेकांना स्वतःचा नंबरही माहीत नसतो.

जाण्यायेण्याचा खर्च लहान वाटतो, पण रक्त तपासायला दर महिन्याला जायचं असेल तर तो साठतो. १२ जानेवारी २०२४ला रेल्वे उरणपर्यंत आली आणि द्रोणागिरीला स्वतःचं स्टेशन मिळालं. नेरुळला बदलून हार्बरने शिवडी गाठली की केईएम फार लांब नाही. या मार्गावर गाड्या मोजक्या आहेत, तेव्हा ओपीडीची वेळ वेळापत्रक बघून धरा. अटल सेतूने मोटारीने गेलात तर एकेरी टोल उद्घाटनापासून २५० रुपये ठरलेला.

तिसरी व्यक्ती : झडपेचा आजार

समजा, करंजाची पंचेचाळीस वर्षांची बाई. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, त्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेली आणि आता नाडी अनियमित. आपल्याकडे अशा बायका कमी नाहीत, आणि परदेशी सल्ले वाचून त्यांचंच जास्त नुकसान होतं. त्यांना गुण मोजायची गरज नाही, रक्त पातळ ठेवणारी गोळी लागतेच, आणि तीही जुनीच : वॉर्फरिन किंवा असिट्रोम. २०२२च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत अशा रुग्णांमध्ये नव्या रिव्हरोक्साबॅनपेक्षा जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. गोळी स्वस्त, पण आयएनआर नावाची तपासणी ठरल्या मुदतीला करावी लागते, दर वेळी दीड-दोनशे ते चारशे रुपये. मेथी, माठ, पालक बंद करायचे नाहीत. आठवड्याला जेवढे खाता तेवढेच खायचे. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक आणायचं नाही.

तिची झडप दुरुस्त किंवा बदलायची वेळ आली आणि छाती उघडायचीच आहे, तर सर्जनला एक प्रश्न विचारायला विसरू नका : ‘त्याच वेळी लयीसाठी मेझ करता येईल का, आणि गुठळी होते तो कोपरा बंद करता येईल का?’ मेझ ही शस्त्रक्रिया जेम्स कॉक्स यांनी १९८७मध्ये अमेरिकेत सुरू केली. कोपरा बंद करण्याचा फायदा २०२१च्या मोठ्या चाचणीत दिसला : पक्षाघाताचं किंवा शरीरात इतरत्र गुठळी अडकण्याचं प्रमाण सात टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आलं. टेबलावर असताना थोड्या जास्त वेळात होणारी ही गोष्ट पुढे वेगळी करायची म्हटली तर लाखांत जाते.

आधी करून पाहायच्या गोष्टी

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये फिब्रिलेशनच्या स्थूल रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांनी वजन दहा टक्के कमी करून टिकवलं, त्यांची लय टिकण्याची शक्यता सुमारे सहापट निघाली. ऐंशी किलोच्या माणसाला हे आठ किलो. त्याच देशातल्या २०२०च्या चाचणीत नियमित पिणाऱ्यांपैकी ज्यांनी दारू सोडली त्यांच्यात आजार ५३ टक्क्यांत परतला, न सोडणाऱ्यांत ७३ टक्क्यांत. रात्रपाळी करणारा, जाड मानेचा, घोरणारा माणूस असेल तर झोपेची तपासणी अब्लेशनच्या आधी करा. श्वास अडकणं तसंच राहिलं तर लय परत बिघडते आणि पैसे पाण्यात जातात. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांची पेटंट संपल्यामुळे एपिक्साबॅनसारखी औषधं आता अनेक कंपन्यांची मिळतात. जेनेरिक घेतलं तर महिना बहुधा सहाशे ते बाराशेत भागतो. परवडत नाही म्हणून दोनऐवजी एकच गोळी घेणारे लोक आहेत. त्यांनी डॉक्टरांना तसं सांगावं आणि स्वस्त पर्याय मागावा. अर्धी गोळी म्हणजे अर्धं संरक्षण असं गणित इथे चालत नाही.

धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखलं, श्वास पुरेना किंवा तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, तर यातलं काहीच वाचत बसू नका; १०८ला फोन करा. चक्कर येणाऱ्या ट्रेलर ड्रायव्हरने निदान होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नये, मालक काहीही म्हणो.

आणि अब्लेशन झालंच, तर घरी आल्यावरचं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अधूनमधून धडधड येते, तेवढ्याने ते फसलं असं होत नाही. या काळात रक्त पातळ करणारी गोळी एकदाही चुकवायची नाही. फिब्रिलेशनच्या अब्लेशननंतर साधारण दोन महिन्यांपर्यंत, विशेषतः दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, ताप आला, गिळताना दुखलं, छातीत दुखलं किंवा हातापायात अचानक कमजोरी आली, तर गल्लीतल्या दवाखान्यात तापाचं औषध घेऊ नका. अन्ननलिकेला छिद्र पडण्याची ही दुर्मीळ पण प्राणघातक खूण असू शकते. जिथे प्रक्रिया झाली तिथे त्याच दिवशी जा, ‘माझं अब्लेशन झालंय’ हे दारातच सांगा आणि छातीचा सीटी स्कॅन होण्याआधी कोणालाही एंडोस्कोपी करू देऊ नका. डिस्चार्ज घेताना त्या विभागाचा रात्रीचा फोन नंबर मागा आणि तो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये तिथेच उभं राहून सेव्ह करा.